अनुभव धागा: पक्ष्यांसाठी कोणतं झाड लावलंत?

सुरुवात मी करते. शिंजिरासाठी, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यासाठी, हमेलियाचं झुडूप लावलं. नळीसारखी केशरी फुलं जवळजवळ बारा महिने, त्यामुळे शिंजीर रोजचेच झाले. मग त्यांनी घरटं बांधलं आणि पाहिलं तर पिल्लांच्या तोंडात कोळी आणि अळ्या! नुसत्या मधावर पिल्लं वाढत नाहीत. तेव्हापासून फवारणी बंद केली ती कायमची. तुम्ही काय लावलंत, कोण आलं, काय फसलं, जरूर लिहा.

*

एकेरी जास्वंद. फुलाच्या बुडाशी बारीक चीर दिसली तर कीड समजू नका, शिंजीर तिथूनच चोच खुपसून मध पितो.

*

माझा अनुभव वाळक्या फांदीचा आहे. शेवग्याची एक फांदी वाळली होती, तोडायची राहून गेली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तांबट पक्ष्याची जोडी आली. शेवग्याचं लाकूड मऊ, तरी कोरायला बरेच दिवस लागले. आत अर्धं अंग घालायचं, चोचभर भुसा घेऊन मागे सरकायचं, मान झटकून तो उडवायचा, पुन्हा आत. भोक कंपासने काढल्यासारखं गोल आणि फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पावसाचं पाणी आत जायला नको. पिल्लं उडाल्यावरही रात्री मुक्कामाला एक तांबट यायचा. झाड धोक्याचं नसेल तर वाळकी फांदी राहू द्या, अगदी मनापासून सांगतो.

*

मोठी जागा असेल तर उंबरच. तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल (हिरवं कबूतर), सगळे येतात. फक्त भिंत आणि पाण्याच्या टाकीपासून लांब लावा. जागा कमी असेल तर सिंगापूर चेरी, दोनेक वर्षांत फळते आणि फुलटोच्या हा छोटा पक्षी हमखास येतो.

*

माझं चुकलं ते टणटणी (घाणेरी) लावण्यात. बुलबुल आले खरे, पण बिया त्यांनीच सगळीकडे पेरल्या. अजून उपटतोय. आता कढीपत्त्याला फळं धरू देतो, काळी झाली की तेच बुलबुल त्यावर तुटून पडतात.

*

पावसाळ्यात छाटणी करताना माझ्या हातून शिंपी पक्ष्याचं, पानं शिवून केलेलं घरटं कापलं गेलं. आत तीन अंडी होती. आजही आठवलं की वाईट वाटतं. आता कात्री लावण्याआधी मोठी पानं उलटून बघते. पानाच्या कडा कोळ्याच्या जाळ्याने, कापसाच्या तंतूंनी टाचलेल्या दिसल्या की ते झाड महिनाभर तसंच ठेवते.