विषय: मुलाचा पहिला गेमिंग पीसी, यादी कुणी बघून देईल का?

मिसिसागाहून (कॅनडा), रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

विषय आपल्या मराठी मंडळाचा नाही, आधीच माफी मागते. आमच्या चिरंजीवांनी (इयत्ता नववी) दोन हिवाळे शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून ९०० डॉलर साठवलेत. आता त्याला गेमिंगचा पीसी सुटे भाग आणून स्वतः जोडायचाय. त्याचे बाबा म्हणतात, तयार घे आणि गप्प बस. मी मध्ये लटकलेय. तीनचार व्हिडिओ बघून त्याने केलेली यादी अशी:

रायझन ५ ५६०० प्रोसेसर. बी६५० मदरबोर्ड. डीडीआर५ रॅम, १६ जीबीची एक पट्टी. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. साठवणुकीसाठी १ टीबी एनव्हीएमई. काचेचं कॅबिनेट, रंगीत पंख्यांसकट. पॉवर सप्लाय बाबांच्या जुन्या पीसीतला, म्हणजे तेवढे पैसे वाचले.

यातला मला फक्त पंखा कळतो. सगळं एकमेकांना बसेल ना?

ब्रॅम्प्टनहून, त्याच रात्री

ताई,

नाही बसणार. पण यादी वाईट नाही, दोन पिढ्यांची सरमिसळ झालीय एवढंच. रायझन ५ ५६०० ला एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) लागतं. बी६५० बोर्डवर असतं एएम५, जे २०२२ साली आलं. प्रोसेसर त्यात शिरणारच नाही. जोर करू नका म्हणावं, एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली बारीक पिना असतात, वाकल्या की संपलं.

सगळ्यात आधी सॉकेट ठरवायचं, कारण रॅम त्याच्या मागून येते. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, एएम४ वर फक्त डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. तेवढी कंपन्यांची कृपा.

नवीन घ्यायचं तर एएम५ ला पुढे जागा आहे, उद्या नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्याच्या ९०० मध्ये १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर, आहे हे विसरू नका, म्हणजे माल सुमारे ७९६ डॉलरचाच. त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. माझ्या खणात डीडीआर४ च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या पडून आहेत, ३२०० वेगाच्या. त्याला देऊन टाकतो. मग प्रश्न मिटला: प्रोसेसर तोच ठेवा आणि बोर्ड बी५५० चा घ्या.

पट्ट्या दोन हव्यातच. एकाच पट्टीवर मेमरीची एकच वाट चालू राहते आणि गेम अडखळतात. बोर्डवर रॅम बसवायच्या चार जागा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. नंतर बायोसमध्ये (पीसी सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम बिचारी २१३३ किंवा २४०० वर रखडते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पीसीपार्टपिकर नावाची साइट आहे, यादी टाकली की न जुळणारे भाग दाखवते. एक गोष्ट मात्र तिला दिसत नाही: खोक्यातल्या बोर्डात कुठला बायोस आहे ते. बी५५० बोर्ड जून २०२० मध्ये आले आणि ५००० मालिकेचे (५६०० त्यातलाच) पहिले प्रोसेसर त्या नोव्हेंबरात. त्याआधी खोक्यात बंद झालेला बोर्ड हा प्रोसेसर ओळखेलच असं नाही. पंखे फिरतात, पडदा काळाच. किजिजीवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) स्वस्तात आधीच्या पिढीचा बी४५० दिसला तर हा धोका जास्त. म्हणून मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघा. पेनड्राइव्हवर फाइल टाकायची, बोर्डला वीज द्यायची, बटण दाबायचं. प्रोसेसर बसवलेला नसला तरी चालतं.

रंगीत पंख्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. हे त्याला पटणार नाही, मला माहीत आहे.

समिती सचिव, सोमवारी सकाळी

कृपया वैयक्तिक चर्चा 'रिप्लाय ऑल' करून करू नये. पाडव्याच्या पुरणपोळ्यांचा आकडा केटररला बुधवारपर्यंत द्यायचा आहे आणि अजून निम्म्या घरांचं उत्तर नाही.

ओकव्हिलहून, सोमवारी दुपारी

आमच्या सात पोळ्या.

आणि त्या मुलाला सांगा, जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) वापरू नकोस. मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जोडायचो, तेव्हा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकटच यायचा आणि त्याच लायकीचा असायचा. मागे लाल खटका, ११५ आणि २३० व्होल्टचा. एका मित्राने ११५ वर ठेवून मुंबईत प्लग लावला. आवाज दोन मजले खाली गेला.

– काका

ब्रॅम्प्टनहून, सोमवारी संध्याकाळी

काकांना दुजोरा. (आमच्या चार पोळ्या.)

हिशेब अवघड नाही. आरएक्स ६६०० खातं १३२ वॅट. प्रोसेसर ६५ चा म्हणवतो, पण ८८ पर्यंत ओढतो. बाकी किरकोळ धरा. चांगल्या प्रतीचा ५५० वॅट भरपूर झाला. ७५० घेऊन वीज जास्त मिळत नाही, दुकानाचं बिल मात्र जास्त येतं.

माझी एक फजिती सांगतो. पॉवर सप्लाय बदलला आणि आळस म्हणून जुन्याच केबल ठेवल्या. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनेत काय हे प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते. ५ व्होल्टच्या तारेतून १२ गेले. अगरबत्तीएवढी धुराची रेघ, बस्स. दोन हार्ड डिस्क गेल्या, त्यात मुलीच्या बारशाचे फोटो. घरात तो विषय अजून निघतो.

तर नव्या सप्लायबरोबर त्याच्याच केबल. आणि ८ पिनांच्या दोन जाती असतात: ४+४ ती प्रोसेसरची, ६+२ ती कार्डाची.

मिसिसागाहून, पुढच्या शनिवारी

मंडळी, जोडला!

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून पाच तास. कार्ड किजिजीवरचं, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन गेम चालवून बघितलं, मगच पैसे दिले. कॅबिनेट साधं काळं, जाळीचं. पंख्यांवरून एक दिवस अबोला होता.

बटण दाबलं तर पंखे फिरले आणि पडदा काळा. ब्रॅम्प्टनच्या दादांचं बायोसचं वाक्य आठवून माझ्या पोटात गोळा आला. चिरंजीव पेनड्राइव्ह शोधायला लागले. तेवढ्यात त्याचे बाबा, जे आठवडाभर 'तयार घे' म्हणत होते, मागे वाकले आणि म्हणाले, "मॉनिटरची वायर बोर्डात का खुपसलीय? या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाहीच, खाली कार्डात लाव." लावली, आणि चित्र आलं.

एक शंका. चार स्क्रू उरलेत. कशाचे असतील?

(सहा पोळ्या. उशीर झाला, सॉरी.)

ब्रॅम्प्टनहून, पाच मिनिटांनी

ताई, कॅबिनेटवाले स्क्रू जास्तीचेच देतात. पण बोर्डचे सगळे लागलेत ना, तेवढं एकदा मोजून घ्या.