जपानमधील वृद्धसेवेचा व्हिसा: पाच वर्षांनंतर काय?

नदीकाठ:
माझ्या धाकट्या बहिणीचे जीएनएम (परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम) पूर्ण झाले असून 'विशिष्ट कौशल्य' या व्हिसाच्या गटातून वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला जाण्याचा तिचा विचार आहे. ज्या देशात दर दहा माणसांतील जवळजवळ तीन माणसांनी पासष्टी ओलांडली आहे, तो देश बाहेरून येणाऱ्यांना पाचच वर्षांची मुदत का देतो आणि नवरा-मुलांना सोबत का आणू देत नाही, हे मला उमगत नाही. भाषेचा वर्ग चालवणारे गृहस्थ 'पुढचे पुढे पाहू' यापलीकडे काही बोलत नाहीत.

उंबरठा:
मी अकरा वर्षे तोक्योत आहे आणि माझी पत्नी एका वृद्धनिवासात अर्धवेळ काम करते (आश्रित व्हिसावर परवानगी घेतली तरी आठवड्याला २८ तासच काम करता येते). तुम्ही विचारलेली विसंगती खरी आहे आणि ती जुनी आहे. हात हवेत, पण त्या हातांमागची माणसे इथे स्थायिक व्हायला नकोत, या भूमिकेवर जपानचे धोरण तीस-पस्तीस वर्षे चालले. १९९० मध्ये कायदा बदलून ब्राझीलमधील जपानी वंशाच्या लोकांना दार उघडले, पण मंदी येताच २००९ मध्ये त्यांच्यातील बेरोजगारांना परत जाण्यासाठी माणशी ३ लाख येन देऊ केले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजनेचा कागदोपत्री उद्देश विकसनशील देशांना कौशल्य देणे हा होता. प्रत्यक्षात त्यातून शेतीला आणि लहान कारखान्यांना स्वस्त मजूर मिळाले, आणि मालक बदलण्याची मुभा नसल्यामुळे छळ झाला तरी पळून जाण्यावाचून अनेकांना मार्ग उरला नाही. ती योजना मोडीत काढणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला. तिच्या जागी येणारी व्यवस्था एप्रिल २०२७ पासून लागू व्हायची असून तीत एक ते दोन वर्षांनंतर त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल.

'विशिष्ट कौशल्य' हा दर्जा एप्रिल २०१९ चा. इतर बहुतेक क्षेत्रांत त्याची दुसरी पायरी आहे, जिथे मुदतीची मर्यादा नाही आणि कुटुंबही आणता येते. वृद्धसेवेत मात्र ती पायरी नाही, कारण तिथे याच सवलती देणारा 'काइगो' (म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची सेवा) हा स्वतंत्र व्हिसा २०१७ पासूनच आहे. तो मिळवण्यासाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव घेऊन, साधारण ४५० तासांचे प्रशिक्षण पुरे करून या कामाची राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेतून उत्तीर्ण व्हावी लागते. तुमच्या बहिणीचे जीएनएम तिथे परिचारिका म्हणून धरले जाणार नाही, हेही तिला आधीच ठाऊक असलेले बरे.

काम कसे असते म्हणाल, तर ज्या आजोबांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या चहात दाट करणारी पूड नेमकी किती घालायची, हे माझी पत्नी आठवड्याभरात शिकली. पाळी संपताना कोण किती जेवले, कुणाच्या पाठीवर लाली दिसली, याची नोंद जपानीत लिहिण्याची तिची धास्ती जायला मात्र दोन वर्षे लागली.

जुना_वाटसरू:
उंबरठा यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. व्हिसाची मुदत ही अडचण आहेच, पण मूळ दुखणे पगाराचे आहे. तिथली वृद्धसेवा २००० पासून सक्तीच्या विम्यावर चालते; चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि सेवेचे दर सरकार ठरवते. त्यामुळे माणसे मिळत नाहीत म्हणून संस्थेने मनाने पगार वाढवायचे म्हटले, तरी तिची मिळकत दरपत्रकाने बांधलेली असते. जपानी तरुण या कामाकडे वळत नाहीत ते यामुळेच, आणि परदेशी माणसे आणून हा प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. त्यात येनची घसरण. २०२० मध्ये एका येनचे साधारण सत्तर पैसे होत, २०२४ मध्ये पंचावन्नच्या आसपास. घरी पैसे पाठवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

नदीकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. एजंट साडेतीन लाख रुपये मागतो आहे आणि त्यासाठी वडील सोने गहाण ठेवायला निघाले आहेत. करारापूर्वी नेमके काय विचारावे?

उंबरठा:
सोने घरातच राहू द्या. त्या साडेतीन लाखांत काय काय येते याचा तपशील त्याच्याकडून लेखी घ्या. नोकरी देणाऱ्या संस्थेला दोन गोष्टी विचारा: त्या ४५० तासांच्या प्रशिक्षणाचे शुल्क कोण भरणार, आणि त्या काळात रात्रपाळ्या कमी करणार का. त्यांच्याकडे याआधी कुणी परदेशी कर्मचारी राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाला असेल, तर बहिणीला त्याच्याशी फोनवर बोलू द्या म्हणावे. यावर टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था शोधावी.