बेल्व्हेडियरची भिंत

आयर्लंडमधल्या वेस्टमीथ परगण्यात लॉख एनेल या तळ्याच्या काठावर असलेल्या बेल्व्हेडियर हाउस या जुन्या घराबद्दल तुम्ही छान लिहिलंत. फक्त बागेतली पडकी भिंत तुम्ही म्हणता तशी जुन्या मठाची नाही. ती १७६०च्या सुमारास मुद्दाम पडकी दिसेल अशीच बांधली. घराचा मालक रॉबर्ट रॉशफर्ट याला शेजारच्या भावाचं मोठं घर डोळ्यांसमोर नको होतं, म्हणून ही 'जेलस वॉल', म्हणजे मत्सराची भिंत.

मला त्याहून अस्वस्थ करते त्याच्या बायकोची, मेरीची कहाणी. दुसऱ्या एका दिराशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याने तिला गॉल्सटाउनच्या घरात कोंडलं. सुटली ती १७७४ मध्ये नवरा गेल्यावरच. जवळपास तीस वर्षं! बेल्व्हेडियरच्या छतांवरचं प्लास्टरचं नक्षीकाम खरंच अप्रतिम आहे, पण ते बघताना मेरी डोक्यातून जात नाही.

जमलं तर रॉसकॉमन परगण्यातलं स्ट्रोक्सटाउनचं जहागिरीचं घरही बघाच. तिथल्या स्वयंपाकघरात वर सज्जा आहे. मालकीणबाई तिथूनच आठवड्याचा मेनू खाली टाकायच्या. त्याच आवारात दुष्काळाचं संग्रहालय आहे. १८४७ मध्ये या जहागिरीतल्या कुळांची १,४९० माणसं रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालवत नेली आणि लिव्हरपूलमार्गे कॅनडाला धाडली. त्यातली कितीतरी वाटेतच दगावली.