टीटीची 'मूळ' बॉडी
विक्रीच्या जाहिरातीत १९२२ च्या फोर्ड टीटी ट्रकला 'कंपनीची मूळ फ्लॅटबेड बॉडी' (मागचा सपाट, उघडा फळ्यांचा भाग) आहे असं म्हटलंय, ते जरा जपून घ्या. फोर्ड तेव्हा टीटीची नुसती चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, विकायची. मागची बॉडी गिऱ्हाईक बाहेरून करून घ्यायचं. कंपनीच्या बॉड्या १९२४ पासून आल्या. त्यामुळे फळ्या नव्या असल्या म्हणून नाक मुरडू नका, पण 'मूळ' म्हणून जादा पैसेही मोजू नका.

त्यापेक्षा मागच्या ॲक्सलचा वर्म गिअर (चाकांना फिरवणारा स्क्रूसारखा दांडा आणि त्यात अडकणारं दातेरी चाक) उघडून दाखवायला सांगा. त्यातलं ब्राँझचं दातेरी चाक झिजलेलं असेल तर चकचकीत रंग काय चाटायचाय? बाहेरचा जादा गिअरबॉक्स बसवलाय का, तेही विचारा. टीटीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाही, तर इंजिनामागच्या ट्रान्समिशनवर (मूळ गिअरच्या यंत्रणेवर) लागतो. त्याच्या मागे जोडलेला जादा गिअरबॉक्स न्यूट्रलला सरकला, म्हणजे कुठल्याच गिअरमध्ये नसला, की हा ब्रेक मागच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. चाकांवर वेगळे ब्रेक बसवलेले असतील तरच घाटात न्या.