मायग्रेन आणि नैराश्य: गोळी एकच की दोन?

रानवारा: महिन्यात ८-१० दिवस अर्धशिशी आणि सोबत नैराश्याचंही निदान. दोन्हींवर एकच औषध चालतं का? आणि फ्लुनारिझिन (अर्धशिशी रोखायला देतात ते औषध) टाळा म्हणतात, ते का?

शंखपुष्पी: एक आजार असला की दुसऱ्याची शक्यता वाढते, हे दोन्ही बाजूंनी खरं. फ्लुनारिझिन डोपामिनलाही (मेंदूतलं संदेश नेणारं रसायन) अडवतं. त्यातून उदासी, सुस्ती, वजनवाढ. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तरी ते टाळतात. आपल्याकडे सर्रास लिहून देतात, म्हणून जुना त्रास डॉक्टरांना आपणहून सांगा. टोपिरामेटनेही (अर्धशिशी रोखायचं दुसरं औषध) मन खचू शकतं.

माळरान: एका गोळीत भागेलच असं नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं जुनं औषध, अर्धशिशी रोखायलाही देतात) रात्री १० मिग्रॅपासून सुरू करतात. डोकेदुखीला बहुधा २५-५० पुरतं, नैराश्याला ७५ च्या पुढे जावं लागतं आणि तिथे तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, झापड. व्हेन्लाफॅक्सिन (हेही नैराश्यावरचं औषध) ७५-१५० मध्ये दोन्ही साधू शकतं, पण रक्तदाब तपासत राहायचा आणि एकदम बंद करायचं नाही. गुण कळायला ६-८ आठवडे.

शंखपुष्पी: +१. वेदनाशामकांचे दिवस मोजा (गोळ्या नव्हे, दिवस!). ट्रिप्टान (अर्धशिशी उठल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) महिन्याला १० दिवस किंवा साधं पॅरासिटामॉल १५ दिवस, असं ३ महिने चाललं की गोळीच डोकं दुखवते. मग प्रतिबंधक औषधही नीट लागू पडत नाही.

रानवारा: डोकं उठायच्या आदल्या दिवशीची चिडचिड नैराश्यात धरायची का?

माळरान: नाही, ती मायग्रेनचीच चाहूल. उदासी २ आठवडे जवळपास रोज टिकली तर मात्र दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका: टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन), १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.