अकरावी, क्लासवाले आणि क्लबहाऊस (सोसायटी ग्रुप)

सौ. कुलकर्णी (बी-५०२): नमस्कार. रविवारी क्लबहाऊस पुन्हा क्लासवाल्यांना दिलंय, हे आम्हाला वॉचमनकडून कळावं? पोरं अभ्यासाला कुठे बसणार?

पाटील, सेक्रेटरी: वहिनी, ‘अकरावीपासून नियोजन’ असा मोफत सेमिनार आहे. मुलांच्याच भल्यासाठी 🙏

सौ. कुलकर्णी: गेल्या वर्षीचाही मोफतच होता. नंतर दिवाळीपर्यंत फोन येत होते. नंबर कोणी दिले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मोरे (ए-१०३): अभ्यासिकेची चावी कोणाकडे आहे?

जोशी काका: आमच्या वेळी कुठले सेमिनार? तरी झालोच ना इंजिनिअर.

शिंदे (ए-४०४): काका, तुमच्या वेळी सीईटी ही प्रवेश परीक्षाच नव्हती. बारावीच्या मार्कांवर काम भागायचं.

जोशी काका: तेव्हा मार्क मिळायचेही नाहीत हो!

देसाई (बी-२०१): सेमिनार हवाच. सईला इंजिनिअरिंगच्या जेईई, सीईटी आणि मेडिकलची नीट, तिन्ही द्यायला सांगतायत. म्हणे सगळे पर्याय खुले राहतात.

ओंकार (बी-७०३): काकू, सगळ्यात आधी खिसा खुला होतो. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारीत बोर्ड, एप्रिलमध्ये दुसरं सत्र, त्याच सुमारास सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट. वर गणित आणि बायो दोन्ही. एक काहीतरी धरा.

मोरे: चावी??

पाटील: ओंकार, अनुभवी सर येणार आहेत, त्यांना बोलू दे.

शिंदे: सर की तुमचे पाहुणे? 😄

पाटील: शिंदे, तुमच्या पार्किंगबद्दल मी ग्रुपवर कधी बोललो का?

शिंदे: आत्ता बोललात की.

सौ. कुलकर्णी: मूळ मुद्द्यावर या. ओंकार, आमच्या आदित्यला फक्त सीईटी द्यायची आहे. अकरावीत क्लास लावायलाच हवा का?

ओंकार: सीईटीत साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, २०० पैकी १०० तिथेच. त्यामुळे अकरावीचं गणित नीट करून घ्या, बाकी पुढे बघू. जेईई-नीटचं वेगळं, तिथे मार्क कापतात आणि अकरावी ऑप्शनला टाकून चालतच नाही.

जोशी काका: नातवाला सीईटीत ९२ पर्सेंटाइल आले होते. म्हणजे ९२ टक्केच ना?

ओंकार: नाही आजोबा. परीक्षेला बसलेल्या दर १००तली साधारण ९२ मुलं त्याच्या मागे. मार्क बरेच कमी असू शकतात.

जोशी काका: अरे देवा. आम्ही पेढे वाटले.

शिंदे: पेढे छान होते काका.

देसाई: पण इंटिग्रेटेडमध्ये, म्हणजे कॉलेज-क्लास एकत्र असतात तिथे, कॉलेजला जावंच लागत नाही म्हणतात. वेळ वाचतो.

ओंकार: आणि बोर्ड? जेईईवरून मिळणाऱ्या एनआयटीसारख्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात टॉप २० पर्सेंटाइल लागतं. माझ्या बॅचचा एक जण जेईईत छान होता, तिथेच अडकला.

मोरे: तिसऱ्यांदा विचारतोय. अभ्यासिकेची चावी.

पाटील: मोरे, वॉचमनकडे आहे. कालपासून.

मोरे: मग सांगायचं ना.

पाटील: रविवारी सेमिनार ९ ते ११. नंतर हॉल मुलांना मोकळा. झालं?

सौ. कुलकर्णी: झालं. फक्त दारात नाव-नंबरची वही ठेवू नका. आभारी आहे.

देसाई: सईला आत्ता विचारलं. म्हणते नाटा द्यायची आहे. आर्किटेक्चर! आम्हाला आज कळतंय.

सई: आई, हे ग्रुपवर का टाकलंस??

ओंकार: काकू, मग गणित ठेवा, बायो बंद करा. क्लासचा दुसरा हप्ता भरला नसेल तर थांबा.

देसाई: कालच भरला.