मदत हवी आहे: लोहाची गोळी, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि चहा, एका दिवसात बसवू कसं?

रामबागवाली

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. वय ४४. गेले सहा महिने जिना चढला की धाप लागायची, मी वयाला नाव ठेवून मोकळी झाले होते. मागच्या आठवड्यात देवापुढे वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आधाराला नेमकी पेटती समई धरायला गेले. मग नवऱ्याने रक्त तपासायला नेलंच.

हिमोग्लोबिन ८.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६, बी-१२ १६८. सगळंच कमी. डॉक्टरांनी लोहाची गोळी लिहून दिली, रोज एक, महिन्याने या म्हणाले. बाहेर वीस पेशंट ताटकळत होते, मलाच संकोच वाटला आणि काही न विचारता उठले.

काल रात्री घरातली माझी सगळी औषधं टेबलावर मांडली आणि मोबाइलचा टॉर्च लावून पट्ट्यांच्या पाठीमागचं मुंगीएवढं छापलेलं वाचलं. लोहाच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह आणि १.५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. दिरांनी दवा बाजारातून आणलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये पुन्हा लोह आणि फोलिक. सासूबाई प्रेमाने पाजतात त्या टॉनिकमध्येही लोह! शिवाय थायरॉइडची ५० ची गोळी सकाळी सहाला, ॲसिडिटीची कॅप्सूल (दोन वर्षं चालू आहे, कुणी दिली होती आठवत नाही) आणि कॅल्शियम.

आता अडचण बघा. सहाला थायरॉइड, पावणेसातला चहा, साडेआठला पोहे आणि पुन्हा चहा, अकराला ऑफिसचा चहा. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घ्या, चहा टाळा असं सगळे सांगतात. इंदुरात चहा टाळायचा तर नोकरी सोडावी लागेल. पाच दिवस गोळी पोह्यांनंतर चहाबरोबर गिळली. पोट कडक झालंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. घाबरू का?

पायांच्या बोटांना मुंग्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि एक सांगायला लाज वाटते: तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ खाते. वर्षभर चाललंय. घरात कुणाला माहीत नाही.

शेव_कमी_घाला

बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे आणि लोखंडी कढई. आमच्या आज्या काय गोळ्या खात होत्या?

रामबागवाली

आमच्या आजीची सात बाळंतपणं झाली आणि पन्नाशीत ती भिंत धरून चालायची. कढई आहे घरी, भाजी त्यातच होते. पण फेरिटिन ६ म्हणजे कोठार रिकामं आहे, ते बिटाने कधी भरायचं?

औषधवाला

पंचवीस वर्षं काउंटरमागे काढलीत, त्यातून सांगतो. मात्रा बदलणं डॉक्टरांचं काम, माझं नाही.

सगळ्यात आधी मल्टिव्हिटॅमिन आणि टॉनिक बाजूला ठेवा. उपचाराची गोळी चालू असताना तेच लोह तीन दारांनी आत घेण्यात फायदा शून्य, मळमळ आणि बद्धकोष्ठ मात्र वाढतं. पट्टीवर 'एलिमेंटल' हा शब्द शोधत जा, खरं लोह तेवढंच. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅममध्ये ते जेमतेम ६५ असतं, फेरस फ्युमरेट ३०० मध्ये साधारण १००. आकडा मोठा म्हणून गोळी जोरदार, असं नसतं.

थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवंच, नाहीतर लोह थायरॉइडची गोळी आतड्यातच अडकवतं. कॅल्शियमलाही तेच लागू. चहा-कॉफी आणि दूध लोहाच्या आधी-नंतर दीड-दोन तास नको. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणजे तुमच्या पाच गोळ्यांतलं बरंचसं लोह वायाच गेलं. ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं तर कुणी बोलतच नाही. पोटातलं आम्ल कमी झालं की लोहही नीट शोषलं जात नाही आणि अन्नातलं बी-१२ ही. पण स्वतःच्या मनाने झटकन बंद करू नका, जळजळ दुपटीने उलटते.

शौचाला काळं-हिरवट होणं हे न शोषलेल्या लोहामुळे, चालायचंच. पण चिकट, चकचकीत आणि घाण वास येणारं असेल, किंवा पोट दुखत असेल, तर आतून रक्तस्राव असू शकतो. तुम्ही 'डांबरासारखं' लिहिलंय म्हणून विचारतो, रंगाने की चिकटपणानेही? ही वाट पाहण्याची गोष्ट नव्हे.

आणि तांदळाची लाज कसली! माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी असल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. डॉक्टरांना जरूर सांगा.

रामबागवाली

फक्त रंग. घाईत लिहिलं, चिकट नाही, वासही नेहमीचाच.

बडोदेकर

ताई, रिपोर्टमध्ये आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, किती आहे बघा. माझी गोष्ट सांगतो. एमसीव्ही ६२, हिमोग्लोबिन ११, म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, काडीचा फरक नाही. शेवटी बडोद्यात एका डॉक्टरांनी आरबीसी काउंट पाहिला: ५.९. पेशी बारीक, पण संख्येने भरपूर. एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीत थॅलसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्तदोष, सौम्य प्रकार) निघाला. फेरिटिन आधीपासून उत्तम होतं, म्हणजे गोळ्यांची गरजच नव्हती. आम्हाला वाटायचं हे सिंधी-लोहाण्यांत असतं, आपण मराठी, आपल्याला काय त्याचं.

झटपट हिशेब असा की एमसीव्हीला आरबीसीने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलसेमियाचा संशय, वर आलं तर बहुधा लोहाची कमतरता. निदान नव्हे, नुसता इशारा. मुलंबाळं लग्नाची असतील तर हे कळणं फार मोलाचं. नवरा-बायको दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (गंभीर प्रकाराचं) होण्याची शक्यता चारात एक.

रामबागवाली

आरबीसी ४.१. म्हणजे साडेसोळा आलं. फेरिटिनही तळाला, तेव्हा माझं लोहच दिसतंय.

मुलीला शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. माझ्या पट्टीतल्या तिलाही द्याव्यात का, ती पण फिकट दिसते.

आजीची_पिशवी

अजिबात नको. शाळेची ६० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी प्रतिबंधासाठी असते. फिकट दिसते तर तिचं रक्त तपासा, आपल्या पट्टीतून वाटप नको.

आणि पट्ट्या टेबलावर मांडून ठेवल्या असतील तर आधी उचला. माझ्या नातवाने, वय अडीच, लाल गोळ्या चॉकलेट समजून चघळल्या होत्या. दहा किलोच्या पोराला १०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो. उलट्या झाल्या आणि मग तो छान खेळायला लागला, आम्हाला वाटलं गेलं संकट. डॉक्टर म्हणाले, लोहाच्या विषबाधेत मधले काही तास असे फसवे असतात. दवाखान्यात होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून गोळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात.

रामबागवाली

अपडेट. पुन्हा गेले, या वेळी कागदावर प्रश्न लिहून.

कॅल्शियम कशासाठी चालू आहे, डॉक्टरांनी विचारलं. आठवत नाही म्हटलं. मग बंद! मल्टिव्हिटॅमिन आणि टॉनिकही बंद (सासूबाईंना हे मी नाही, नवऱ्याने सांगितलं). ॲसिडिटीची कॅप्सूल हळूहळू कमी करून सोडायची. लोह एक दिवसाआड, रात्री जेवणानंतर अडीच तासांनी, पेलाभर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं न होता. एक गोळी घेतली की शरीर दुसऱ्या दिवशी लोहाला दार थोडं लोटून घेतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेली गोळी जास्त लागू पडते आणि पोटही कमी बिघडतं, असं म्हणाले. सकाळचे सगळे चहा वाचले!

मुंग्यांसाठी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. नुसतं फोलिक घेत राहिलं असतं तर रिपोर्ट सुधारलेला दिसला असता आणि नसा आतून बिघडत राहिल्या असत्या, हे ऐकून अंगावर काटा आला. नणंद म्हणत होती रक्ताची बाटली लावून घे. त्यावर डॉक्टर म्हणाले ८.४ ला, अशी चालत-बोलत असताना गरज नाही.

मुख्य प्रश्न मात्र त्यांनीच विचारला: पाळीत किती जातं? मी म्हटलं नेहमीसारखं. नेहमीसारखं म्हणजे रात्री दोनदा उठून पॅड बदलणं, ते ऐकून त्यांनी सोनोग्राफी सांगितली. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघालं. म्हणजे नळ उघडा ठेवून मी टाकी भरत होते.

रामबागवाली

पाच आठवड्यांनी. हिमोग्लोबिन ९.९. आकडा १२ च्या वर गेल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची आहे, कोठार भरायला. मुलीचं १०.८ निघालं, तिचा उपचार वेगळा सुरू झालाय. काल पाच किलो तांदूळ निवडले, आणि डबा बंद करताना लक्षात आलं की एक दाणाही तोंडात टाकला नाही.

फायब्रॉइडसाठी गोळ्या, गर्भाशयात बसवायची कॉइल की ऑपरेशन, यावर वेगळा धागा काढते. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी तिकडे नक्की लिहा.